क्ष-किरण लेसरसाठी बेरिलियमची भिंगे

जर्मनीत हॅम्बुर्ग आणि शेनेफेल्ड यांच्या दरम्यान जमिनीखाली ३.४ किलोमीटर लांबीचे एक यंत्र आहे. त्याचे नाव युरोपियन एक्सएफईएल, म्हणजे मुक्त इलेक्ट्रॉनांवर चालणारा क्ष-किरण लेसर, आणि २०१७ च्या सप्टेंबरपासून ते संशोधकांसाठी खुले आहे. इलेक्ट्रॉनांना जवळपास प्रकाशाच्या वेगाने पळवून चुंबकांच्या लांबलचक रांगेतून नागमोडी नेले, की ते क्ष-किरणांचे अतिशय छोटे स्पंद सोडतात. एक स्पंद काही दहा फेमटोसेकंद टिकतो (एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग) आणि तेवढ्यात त्यात साधारण एक लाख कोटी फोटॉन असतात. हा झोत पसरतो फारच थोडा, प्रत्येक किलोमीटरमागे एक-दोन मिलिमीटर इतकाच. पण प्रयोगाचे दालन स्रोतापासून जवळपास एक किलोमीटर दूर असल्यामुळे नमुन्यापर्यंत पोहोचेतो त्याची रुंदी मिलिमीटरच्या घरात गेलेली असते. ज्या स्फटिकावर किंवा विषाणूवर तो पाडायचा, त्याचा आकार मात्र एखाद्या मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा, किंवा त्याहूनही लहान असतो. म्हणजे झोत हजारपटीने आवळावा लागतो. हे काम करणाऱ्या साधनांपैकी एक म्हणजे बेरिलियमच्या लहानशा करड्या चकत्या. प्रत्येक चकतीला दोन्ही बाजूंनी एकेक खोलगट खळगा असतो आणि अशा अनेक चकत्या एकामागे एक लावलेल्या असतात.

अलीकडे पार्ल्यातल्या आमच्या छोट्या अभ्यासमंडळात मी या भिंगांविषयी बोलले. श्रोत्यांत निवृत्त अभियंते होते, महाविद्यालयातली मुले होती, गिरगावात चष्म्याचे दुकान चालवणारे एक गृहस्थ होते आणि अणुशक्तीनगरात अनेक वर्षे काढलेले एक काका होते. प्रश्न इतके नेमके आले, की त्यांच्या अनुषंगाने हा विषय सविस्तर लिहावा असे मला वाटले.

क्ष-किरणांना भिंगाने गोळा करता येत नाही, हे विधान थेट विल्हेल्म रोंटगेन यांचे आहे. १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये वुर्झबर्ग येथे हे किरण सापडल्यानंतर काही आठवड्यांतच त्यांनी पाणी आणि कार्बन डायसल्फाइड भरलेल्या अभ्रकाच्या लोलकांतून, तसेच एबोनाइट आणि ॲल्युमिनियमच्या लोलकांतून ते पाठवून पाहिले. निश्चितपणे सांगता येईल असे वळण त्यांना दिसले नाही. अपवर्तन होत असलेच, तर अपवर्तनांक फार तर १.०५ असेल, असे त्यांनी नोंदवले आणि भिंगांनी हे किरण एकत्र आणता येणार नाहीत असा निष्कर्ष काढला. त्यांच्या हातातल्या साधनांचा विचार केला तर हा निष्कर्ष अत्यंत प्रामाणिक होता, असे मला वाटते. आज आपल्याला माहीत असलेले आकडे घेऊन ३० अंशांच्या लोलकाचे गणित केले, तर किरण एक मीटर अंतरावर जाऊन जेमतेम काही मायक्रॉन सरकतो. त्या काळच्या नळीतून येणारा झोत आणि त्या काळची छायाचित्रपट्टी यांच्या साहाय्याने एवढा फरक दिसणे शक्यच नव्हते.

हे वळण इतके कमी का, याचे उत्तर इलेक्ट्रॉनांच्या वागण्यात आहे. पदार्थातले इलेक्ट्रॉन आपापल्या अणूंना बांधलेले असतात आणि प्रत्येकाची हेलकावण्याची स्वतःची एक लय असते. दृश्य प्रकाशाची वारंवारता काचेतल्या इलेक्ट्रॉनांच्या या लयीपेक्षा कमी असते, त्यामुळे ते प्रकाशाच्या तालावर सहज डोलतात आणि त्याला भरपूर अडवतात. काचेचा अपवर्तनांक दीडच्या आसपास येतो तो त्यामुळेच. क्ष-किरणांची वारंवारता मात्र त्या लयीच्या कितीतरी पलीकडे असते. झोपाळ्याला त्याच्या स्वाभाविक गतीपेक्षा फार जलद हिसके देत राहिले, तर तो नीट झोका घेत नाही, जागच्या जागी थोडासा हलतो, आणि तेही हाताच्या नेमके उलट दिशेने. इलेक्ट्रॉनांचे तसेच होते. प्रतिसाद क्षीण असतो, म्हणून अपवर्तनांक एकच्या अगदी जवळ राहतो. प्रतिसाद उलटा असतो, म्हणून तो एकपेक्षा किंचित कमी भरतो. एकमधून तो जितका कमी पडतो त्या फरकाला डेल्टा म्हणतात. ८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या क्ष-किरणांसाठी बेरिलियमचा डेल्टा दहा लाखांत सुमारे ५.३ इतका आहे. काचेच्या बाबतीत हाच फरक दहा लाखांत पाच लाख असतो.

येथे गिरगावच्या गृहस्थांनी हात वर केला. पडद्यावरच्या चित्राकडे पाहून ते म्हणाले, “मॅडम, हे तर मायनस नंबरचं भिंग आहे. मध्ये पातळ, कडेला जाड. यातून किरण पसरायला हवेत. ते गोळा कसे होतात?” चाळीस वर्षे भिंगे हाताळलेल्या माणसालाच हा प्रश्न इतक्या चटकन पडू शकतो. अपवर्तनांक एकपेक्षा कमी असणे म्हणजे क्ष-किरणांच्या दृष्टीने धातू हे ‘विरळ’ माध्यम आणि हवा किंवा पोकळी हे ‘घन’ माध्यम असणे. सगळे उलटते. चष्म्यात जे अंतर्वक्र भिंग किरणांना फाकवते, तेच क्ष-किरणांना एकत्र आणते. कडेच्या जाड भागातून जाणाऱ्या तरंगाची कला (फेज) पुढे सरकते, मधल्या पातळ भागातून जाणाऱ्याची त्या मानाने मागे राहते, आणि तरंगाचा मुखडा आत वळतो. पदार्थात तरंगाचे शीर्ष प्रकाशाच्या वेगापेक्षा जलद सरकते, असाही याचा अर्थ होतो. परंतु ऊर्जा आणि माहिती वाहून नेणारा वेग त्या मर्यादेच्या आतच राहतो, त्यामुळे सापेक्षतावादाला कुठेही धक्का लागत नाही.

आता नाभीय अंतराकडे वळू. दोन्ही बाजूंनी सारखाच खळगा असलेल्या एका भिंगाचे नाभीय अंतर म्हणजे खळग्याच्या तळाची वक्रता-त्रिज्या भागिले डेल्टाची दुप्पट. त्रिज्या ५० मायक्रॉन घेतली, म्हणजे केसाच्या जाडीएवढी, तरी ८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला हे अंतर ४.७ मीटर येते. एवढ्या टोकदार खळग्याच्या भिंगाने एवढे दूर गोळा करावे, हे कोणालाही निराशाजनक वाटेल. परंतु भिंगे एकामागे एक लावली, की त्यांची शक्ती बेरजेने वाढते, आणि वीस भिंगांचे नाभीय अंतर पाव मीटरपेक्षाही कमी होते. या मांडणीला संयुक्त अपवर्तक भिंग म्हणतात. यात रोंटगेन यांना समजली नसती अशी एकही गोष्ट नाही. अपवर्तनांकाचे गणित १९२० च्या दशकात पक्के झालेले होते आणि १९२४ मध्ये स्वीडनमध्ये लोलकाने क्ष-किरण वळवूनही दाखवले गेले होते. तरीही भिंग व्हायला आणखी सात दशके लागली.

या विलंबाची कथा मला फार बोलकी वाटते. १९४८ मध्ये पॉल कर्कपॅट्रिक आणि अल्बर्ट बेझ यांनी क्ष-किरणांसाठी दोन वक्र आरशांची जी जोडी सुचवली, ती आजही जगभर वापरली जाते; आणि तिच्या यशामुळे भिंगांकडे कोणी फारसे वळले नाही. १९९१ मध्ये जपानी संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात अपवर्तक भिंगाची कल्पना मांडली, तेव्हा त्याच वर्षी त्याच नियतकालिकात क्ष-किरणांचे भिंग होऊ शकत नाही, अशा अर्थाच्या मथळ्याखाली उत्तर आले. आक्षेपाचा गाभा शोषणाचा होता आणि तो चुकीचा नव्हता. वळण मिळवायचे तर अधिक पदार्थ लागतो, आणि अधिक पदार्थ लावला तर किरण आतच गिळले जातात. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९९६ मध्ये, फ्रान्समधल्या ग्रेनोबल येथील युरोपीय सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून क्ष-किरण मिळवणाऱ्या यंत्रावर, अनातोली स्निगिरेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात ०.३ मिलिमीटर त्रिज्येची तीस छिद्रे एका ओळीत पाडली आणि १४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा झोत आडवा त्यांतून पाठवला. दोन शेजारच्या छिद्रांमध्ये उरलेली धातूची भिंत म्हणजेच दोन्ही बाजूंनी अंतर्वक्र भिंग. सुमारे १.८ मीटरवर ८ मायक्रॉन रुंदीची रेषा मिळाली. ड्रिलने पाडलेली छिद्रे! माझ्या विद्यार्थ्यांना मी हा प्रयोग आवर्जून सांगते, कारण वरचे साधे सूत्र वापरून १.८ मीटर हा आकडा वहीच्या अर्ध्या पानावर काढता येतो.

गोल छिद्रांचे दोन दोष होते. त्यांनी झोत एकाच दिशेने आवळला जात होता, आणि वर्तुळाकार भिंतीमुळे कडेचे किरण नाभीच्या अलीकडेच मिळत होते. जर्मनीतल्या आखेन येथे ब्रुनो लेंगेलर यांच्या गटाने हे दोन्ही दोष दूर केले. त्यांनी अन्वस्त, म्हणजे पॅराबोलाच्या आकाराचे दोन ठसे समोरासमोर आणून धातूच्या चकतीत दोन्ही बाजूंनी दाबले. दोन खळग्यांच्या तळांमध्ये उरतो तो पडदा सुमारे ३० मायक्रॉन जाडीचा. चकतीची जाडी १ मिलिमीटर आणि त्रिज्या ५० मायक्रॉन असेल, तर भिंगाचे तोंड अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही थोडे लहानच राहते. दृश्य प्रकाशासाठी बनवलेल्या कोणत्याही भिंगाच्या तुलनेत ते खोल आणि अरुंद दिसते.

धातू म्हणून बेरिलियमच का, हे समजण्यासाठी आकडे शेजारी शेजारी ठेवावे लागतात. ८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा झोत शिशात सुमारे ४ मायक्रॉन गेला, की त्याची तीव्रता जवळपास एक-तृतीयांशावर येते. ॲल्युमिनियममध्ये त्यासाठी ७० मायक्रॉनहून थोडे अधिक अंतर लागते. बेरिलियममध्ये साडेचार मिलिमीटरहून अधिक. शिसे बेरिलियमच्या पाच-सहापट अधिक वळवते, पण हजारपटीहून अधिक गिळते. वळण ठरते एकूण इलेक्ट्रॉनांच्या दाटीवर, आणि ती पदार्थागणिक फारशी बदलत नाही. शोषण मात्र अणुक्रमांकाबरोबर प्रचंड वेगाने चढत जाते. म्हणून आवर्त सारणीच्या सुरुवातीकडे सरकावे लागते. अणुक्रमांक तीनचे लिथियम आणखी पारदर्शक आहे, पण ते मऊ असते आणि दमट हवेत टिकत नाही. चौथ्या क्रमांकाचे बेरिलियम हलके, ताठ आणि उष्णतेचे उत्तम वाहक असून १२८७ अंश सेल्सिअसला वितळते.

बेरिलियमचा मुंबईशी फार जवळचा संबंध आहे, हे त्या सभेत अणुशक्तीनगरच्या काकांनी सगळ्यांना सांगितले. भाभा अणुसंशोधन केंद्राने खाडीपलीकडे वाशीच्या संकुलात हा धातू तयार करण्याची आणि त्याला आकार देण्याची सोय उभी केली, हे पुष्कळ मुंबईकरांना ठाऊक नसते. या धातूची बारीक धूळ श्वासातून गेली, तर फुफ्फुसांचा गंभीर, कायमस्वरूपी आजार होऊ शकतो. त्यामुळे त्याचे यंत्रकाम बंदिस्त जागेत, हवा सतत खेचून गाळत करावे लागते. काका म्हणाले, “धातू दिसायला साधा, पण थंडपणी ठिसूळ. कातताना कडा कधी उडेल सांगता येत नाही. त्यात हे लोक खळगा दाबून काढतात, आणि मध्ये केसाइतका पडदा शाबूत ठेवतात?” त्यांचा हा प्रश्न ऐकून माझ्या मनात त्या चकत्यांविषयीचा आदर वाढला. पुस्तकातले गणित मला येते. कारागिराची ही बाजू त्यांनी दाखवली.

आता मूळ मुद्दा. भिंगाचे तोंड अर्ध्या मिलिमीटरचे आणि शक्ती मंद, ही जोडगोळी साध्या क्ष-किरण नळीला जवळपास निरुपयोगी होती. नळीतून किरण सगळ्या दिशांनी फाकतात. एक मीटरवर ठेवलेल्या ०.४ मिलिमीटरच्या तोंडात त्यांतला दहा कोटींत एक एवढाच वाटा शिरेल. म्हणजे १९५० साली कोणी परिपूर्ण बेरिलियम भिंग बनवले असते, तरी त्याने गोळा करायला फारसे काही मिळाले नसते. सिंक्रोट्रॉनांनी झोत अरुंद केला, आणि क्ष-किरण लेसरने तो जवळजवळ समांतर केला. जो झोत दोनशे-अडीचशे मीटर चालून गेल्यावरही अर्धा मिलिमीटरच रुंद असतो, तो पूर्णपणे त्या लहानशा तोंडात मावतो. भिंगाच्या मर्यादा त्या स्रोतासमोर मर्यादा राहतच नाहीत. २००९ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत एलसीएलएस हा कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेच्या, क्ष-किरणांचा पहिला लेसर सुरू झाला, तेव्हा ही भिंगे सिंक्रोट्रॉनांवर तावूनसुलाखून तयार होती. मी या योगायोगाला योगायोग म्हणणार नाही. दोन्ही बाजूंची माणसे एकाच समाजातली होती आणि एकमेकांच्या कामाकडे पाहत होती.

लेसरसमोर भिंग टिकेल का, ही पहिली शंका सर्वांनाच येते. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, फेमटोसेकंद लेसरवर काम चालते. तिथल्यासारखा अवरक्त प्रकाशाचा शक्तिशाली स्पंद काचेच्या भिंगातून पाठवला, तर काचेचा अपवर्तनांकच प्रकाशाच्या तीव्रतेने बदलतो, स्पंदाचा आकार बिघडतो आणि काचही खराब होते. म्हणून तसे स्पंद अन्वस्त आरशाने गोळा करतात. क्ष-किरणांत चित्र उलट आहे. १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा, १ मिलिज्यूलचा स्पंद अर्ध्या मिलिमीटरच्या वर्तुळावर सारखा पसरला आहे असे धरू. बेरिलियममध्ये तो आठ-साडेआठ मिलिमीटर खोलीत शोषला जातो, त्यामुळे प्रत्येक घनमीटरमागे सुमारे सहा लाख ज्यूल उष्णता उरते, आणि बेरिलियमची उष्माधारकता लक्षात घेतली तर तापमान वाढते एका अंशाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. झोताच्या मध्यावर हा आकडा दुप्पट धरला तरी चिंतेचे कारण नाही. जो अशक्त प्रतिसाद वळवण्याच्या कामी आड येतो, तोच भिंगाचे रक्षण करतो.

खरी परीक्षा होते ती स्पंद लागोपाठ येतात तेव्हा. युरोपियन एक्सएफईएलमध्ये सेकंदाला दहा वेळा स्पंदांची आगगाडी येते, आणि प्रत्येक गाडीत २,७०० पर्यंत स्पंद असू शकतात. सगळे मिळून सेकंदाला २७,०००. एक गाडी ०.६ मिलिसेकंदात निघून जाते. एका स्पंदाने वाढणारे तापमान ०.१८ अंश धरले आणि उष्णता जागची हललीच नाही असे मानले, तर गाडीच्या अखेरीस भिंगाचा मधला भाग जवळपास ४८० अंशांनी तापलेला असेल. प्रत्यक्षात बेरिलियम उष्णता चटकन पसरवते. पाव मिलिमीटर अंतर तुडवायला तिला मिलिसेकंदाचा साधारण चौथा हिस्सा लागतो, म्हणजे गाडी चालू असतानाच थोडाफार निचरा होत राहतो. उरलेली उष्णता पाण्याने थंड ठेवलेल्या धातूच्या पकडीतून बाहेर जाते. म्हणून बेरिलियमची उष्णतावाहकता ही गौण सोय राहत नाही, तीच भिंगाचे आयुष्य ठरवते, आणि म्हणूनच या कामासाठी हिऱ्याच्या भिंगांचाही विचार होतो.

अशक्तपणाचा आणखी एक लाभ आहे, आणि मला तो सर्वांत सुंदर वाटतो. काचेच्या भिंगाच्या पृष्ठभागावर एक मायक्रॉनची चूक झाली, तर दृश्य प्रकाशाच्या तरंगात जवळपास पूर्ण एका तरंगलांबीची चूक पडते आणि प्रतिमा वाया जाते. बेरिलियमच्या पृष्ठभागावर तेवढीच चूक झाली, तर क्ष-किरणांच्या मार्गात पडणारा फरक असतो ५ पिकोमीटरचा (एक पिकोमीटर म्हणजे मायक्रॉनचा दशलक्षावा भाग). त्यांची तरंगलांबी १५० पिकोमीटरच्या आसपास असते, म्हणजे चूक तिसाव्या हिश्श्याची. क्ष-किरणांच्या आरशाला मात्र काही नॅनोमीटरांची चूकही चालत नाही, आणि असा आरसा अनेकदा अर्ध्या ते एक मीटर लांबीचा असतो. ठशाने दाबलेली चकती आणि वर्षभर घासून, मोजून, पुन्हा घासून घडवलेला आरसा एकाच झोतात काम करू शकतात, याचे कारण हे गणित आहे.

तरीही ही सूट अमर्याद नाही. वीस भिंगांना चाळीस पृष्ठभाग असतात, आणि सगळे एकाच ठशातून निघालेले असतील तर त्यांची चूकही एकसारखी असते. प्रत्येकी अर्ध्या मायक्रॉनची चूक चाळीस वेळा एकाच दिशेने साचली, की एकूण फरक १०० पिकोमीटरवर, म्हणजे तरंगलांबीच्या दोन-तृतीयांशावर जातो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एलसीएलएसचा ८.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा झोत ५० मायक्रॉन त्रिज्येच्या वीस बेरिलियम भिंगांनी २५० मिलिमीटरवर गोळा केला गेला. नाभीची रुंदी भरली सुमारे १२५ नॅनोमीटर. त्याच वेळी टायकोग्राफी या, विखुरलेल्या किरणांच्या नक्षीवरून गणिताने झोत उभा करणाऱ्या, तंत्राने संपूर्ण झोताचा नकाशा काढला, तेव्हा मुख्य ठिपक्याभोवती विखुरलेला प्रकाशही स्पष्ट दिसला. साचलेली चूक आता नुसती जाणवत नव्हती, तिचा आकार हाती आला होता. पुढे २०१७ मध्ये ख्रिस्तियान श्रोअर यांच्या हॅम्बुर्गच्या गटातल्या संशोधकांनी अशाच नकाशावरून सिलिका काचेची एक छोटी तबकडी लेसरने कोरून भिंगांच्या रांगेपुढे बसवली आणि चूक जवळपास पूर्ण भरून काढली. या वळणावर गिरगावचे गृहस्थ मनापासून हसले आणि म्हणाले, “म्हणजे भिंगालाच चष्मा लावला.” त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातही चष्म्याचाच उल्लेख आहे, हे मी त्यांना सांगितले तेव्हा सभेत मोठा आनंद झाला.

धातूच्या आतल्या दोषांवर असा सोपा इलाज नाही. बेरिलियम बहुधा भुकटी दाबून तयार केले जाते, त्यामुळे त्यात कण, कणांमधल्या सीमा, ऑक्साइडचे ठिपके आणि बारीक पोकळ्या राहतात. साध्या झोतात त्यांचा त्रास थोडा असतो. लेसरचा झोत सुसंबद्ध, म्हणजे त्यातले तरंग एका तालात, असल्यामुळे या ठिपक्यांवरून विखुरलेले तरंग एकमेकांत मिसळतात आणि झोतावर दाणेदार नक्षी उमटते. म्हणून धातूची प्रत निवडणे हा या विद्येचा निम्मा भाग आहे, आणि त्यात वाशीसारख्या ठिकाणी काम केलेल्या माणसांचे ज्ञान प्रकाशशास्त्रज्ञांइतकेच मोलाचे ठरते, असे माझे ठाम मत आहे.

रंगदोषाचे, म्हणजे वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण वेगवेगळ्या अंतरावर गोळा होण्याचे, काय, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला. डेल्टा ऊर्जेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, त्यामुळे ऊर्जा दुप्पट केली की नाभी चारपट दूर जाते. लेसरच्या एका स्पंदात ऊर्जेचा पसारा साधारण एक-दोन सहस्रांश असतो, म्हणजे नाभीही तेवढ्या दुपटीनेच इकडेतिकडे होते. बहुतेक प्रयोगांना ते चालते. मुख्य ऊर्जाच बदलायची असेल, तर भिंगांची संख्या बदलावी लागते. त्यासाठी एक, दोन, चार, आठ अशा संख्येने भिंगे डब्यांत बसवतात आणि हवेच्या दाबाने हवे ते डबे झोतात सारतात किंवा बाहेर काढतात. झोताची दिशा यात किंचितही बदलत नाही, त्यामुळे पुढचे सगळे यंत्र जागच्या जागी राहते. आरशाने मात्र झोत वळतो आणि कोन बदलला की सगळे पुन्हा जुळवावे लागते.

ठिपका अत्यंत लहान हवा असेल, तर मात्र आरसे पुढे आहेत, आणि ते मान्य केले पाहिजे. जपानमधल्या साक्ला या लेसरवर आरशांच्या साहाय्याने ७ नॅनोमीटर रुंदीची नाभी मिळवल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. भिंगांच्या तोंडाचा अरुंदपणा आणि कडेच्या जाड भागातले शोषण त्यांना तिथवर पोहोचू देत नाही. आरशांना रंगदोषही नसतो, म्हणून ऊर्जेचा पसारा फार मोठा असलेल्या, एक फेमटोसेकंदाहूनही छोट्या स्पंदांसाठी त्यांचीच निवड होते. काही शे नॅनोमीटर ते काही मायक्रॉन एवढा ठिपका, थोडी जागा आणि रोज बदलणारे प्रयोग अशी गरज असेल, तिथे मी निःसंकोचपणे भिंगांच्या बाजूने उभी राहीन.

सभेच्या शेवटी मुलांनी विचारले, की हे आपल्याकडे कुठे पाहायला मिळेल. भारतात क्ष-किरण लेसर नाही. पण इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हे २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे, १७२ मीटर परिघाचे सिंक्रोट्रॉन आहे आणि मुंबईतले अनेक संशोधक तिथे नियमितपणे प्रयोग करतात. तिथल्या क्ष-किरण लिथोग्राफीच्या केंद्रावर पॉलिमरची अपवर्तक भिंगेही बनवली गेली आहेत. प्रकाशरासायनिक पद्धतीने एकाच पट्टीवर अन्वस्त भिंतींची अख्खी रांग उभी करता येते, त्यासाठी बेरिलियमची विषारी धूळ हाताळावी लागत नाही. पॉलिमर लेसरच्या किंवा अतितीव्र झोताच्या माऱ्यात दीर्घकाळ टिकत नाही, त्याचे बंध तुटत जातात. सिंक्रोट्रॉनच्या झोतासाठी मात्र ते पुरेसे आहे, आणि पदवीच्या विद्यार्थ्याला समजेल, मोजता येईल एवढे सोपे आहे. ज्यांना पुढे या क्षेत्रात जायचे आहे, त्यांनी आधी एका भिंगाचे नाभीय अंतर, त्याचे तोंड आणि त्यातून पार होणारा वाटा हे तिन्ही आकडे ८, १२ आणि १६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टसाठी स्वतः काढून पाहावेत. बेरिलियम, ॲल्युमिनियम आणि हिरा असे तीन पदार्थ घेतले, तर एका संध्याकाळीत तक्ता पूर्ण होतो. सभेतल्या दोन विद्यार्थिनींनी तो मला पाठवलाही आहे, आणि १६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला पाव मीटरवर नाभी आणण्यासाठी ५० मायक्रॉन त्रिज्येची सुमारे पंच्याहत्तर बेरिलियम भिंगे लागतात, हे त्यांचे उत्तर बरोबर आहे.